सत्यनिष्ठ गणितज्ञ आंरी प्वांकारे

आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणाऱ्या या स्मरणिकेत, पारितोषिकापेक्षा सत्याचे मोल अधिक मानणाऱ्या एका थोर गणितज्ञाचे पुण्यस्मरण आम्ही करीत आहोत.

आंरी प्वांकारे यांचा जन्म २९ एप्रिल १८५४ रोजी फ्रान्समधील नान्सी या गावी झाला. वडील वैद्यकाचे प्राध्यापक होते. बालपणीच्या घटसर्पाने प्रकृती नाजूक झाली, तरी बुद्धी मात्र अत्यंत तेजस्वी होती. खाणकामाचे उच्च शिक्षण घेऊन काही काळ त्यांनी खाण-अभियंत्याचे काम केले व पुढे पॅरिस विद्यापीठात अध्यापन आरंभिले.

सूर्य आणि एक ग्रह एवढ्या दोहोंचेच भ्रमण न्यूटनच्या नियमाने पूर्णपणे वर्तविता येते. तिसरा गोल येताच मात्र गणित अडते. या कोड्याच्या उत्तरासाठी स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त अडीच हजार क्रोनरांचे पारितोषिक जाहीर झाले होते. गोलांचे स्थान आणि संवेग यांचा एकत्र विचार करणाऱ्या हॅमिल्टनच्या समीकरणांचा आधार घेऊन प्वांकारे यांनी निबंध लिहिला आणि १८८९ साली ते पारितोषिक त्यांनाच मिळाले.

निबंध छापला जात असता फ्रागमेन या तरुण गणितज्ञाने काही शंका विचारल्या. त्यांचे निरसन करताना प्वांकारे यांना स्वतःच्या सिद्धतेतील एक गंभीर चूक आढळली. कीर्ती पणास लागली होती. तरीही त्यांनी ती चूक तत्काळ संपादकांस कळविली. छापलेल्या प्रती परत मागविण्यात आल्या. नव्या छपाईचा साडेतीन हजार क्रोनरांहून अधिक खर्च, म्हणजे पारितोषिकाहूनही मोठी रक्कम, त्यांनी स्वतः सोसली.

परंतु या चुकीच्या शोधनातूनच नवे ज्ञान उदयास आले. जे मार्ग सुरळीत जुळतात असे त्यांना वाटले होते, ते एकमेकांस पुनःपुन्हा छेदून विलक्षण गुंतागुंतीचे जाळे विणतात, हे त्यांनी १८९० च्या सुधारित निबंधात दाखविले. आरंभीचा किंचित फरकही कालांतराने प्रचंड होऊ शकतो, ही जाणीव त्यातून पुढे आली. १८९२ ते १८९९ या काळात खगोलीय यामिकीवरील त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७ जुलै १९१२ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. कोल्मोगोरोव्ह यांनी १९५४ साली, व पुढे आर्नोल्ड आणि मोझर यांनी, बाह्य प्रभाव अल्प असल्यास पुष्कळशा नियमित गती टिकून राहतात हे दाखवून त्यांचे कार्य पुढे नेले.

परीक्षेतील यश हे भूषण खरेच; पण स्वतःची चूक स्वतः शोधून ती निर्भयपणे सांगणे, हे त्याहून मोठे भूषण होय. आमच्या तरुण बंधुभगिनींनी प्वांकारे यांच्या चरित्रातून हा बोध घ्यावा, अशी आमची मनीषा आहे.