जुन्या वस्तूंचे माहेर : काकासाहेब केळकर

कोल्हापुरात पाहुणे आले म्हणजे अंबाबाईचे दर्शन आणि रंकाळ्याची फेरी झाल्यावर आपण त्यांना नव्या राजवाड्यातील संग्रहालय दाखवतो. छत्रपतींची शस्त्रे आणि शिकारीच्या आठवणी पाहून पाहुणे थक्क होतात. हाताशी वेळ असला तर टाऊन हॉलमधील संग्रहालयही होते. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली समुद्रदेवाची रोमन मूर्ती आणि तेथल्या उत्खननातील जुन्या वस्तू तेथे पाहावयास मिळतात. दोन्हीकडे आपला ऊर अभिमानाने भरून येतो. परंतु बाहेर पडताना एखाद्या गृहिणीच्या मनात येतेच, की राजांच्या तलवारी राहिल्या, व्यापाऱ्यांच्या वस्तू राहिल्या. मग त्याच काळात ज्या बायका चुलीपुढे बसल्या, ज्यांनी तिन्हीसांजेला समईत तेल घातले, जेवणानंतर विडे लावून दिले, त्यांच्या हातातल्या वस्तू कोठे गेल्या? त्या जपाव्या असे कोणाला कधी वाटलेच नाही काय?

वाटले होते. पुण्याच्या एका चष्म्याच्या व्यापाऱ्याला ते इतके तीव्रतेने वाटले, की त्यापायी त्याने आपले सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव दिनकर गंगाधर केळकर. सारे पुणे त्यांना काकासाहेब म्हणून ओळखत असे.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. तोच पुढे त्यांनी चालवला. पण मन मात्र कवितेत रमलेले. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत आणि ‘अज्ञातनाद’ हा त्यांचा काव्यसंग्रह रसिकांना ठाऊक होता. कवितेबरोबर इतिहासाची ओढ होती. इतिहासाची ओढ असलेले लोक तेव्हा पुण्यात पुष्कळ होते. परंतु ते बखरी, सनदा, पत्रे आणि ताम्रपट यांच्या शोधात असत. काकासाहेबांच्या कविमनाला तेवढे पुरेना. पेशवाईतील माणूस कोणत्या दिव्याच्या उजेडात जेवत होता, त्याच्या दाराला कुलूप कसले होते, त्याच्या घरची सुपारी कोणत्या अडकित्त्याने कातरली जात होती, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. पत्रांतून हे कळत नाही. त्यासाठी ती वस्तूच हाती यावी लागते. अशा रीतीने १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवावयास प्रारंभ केला.

तो काळ या कामाला अनुकूल होता आणि त्याच वेळी मोठा करुणही होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यास शंभर वर्षे होऊन गेली होती. एके काळी ज्यांच्या दारी घोडे झुलले, अशा कित्येक घराण्यांचे उत्पन्न आटले होते. वाडा मोठा आणि मिळकत छोटी, अशी गत झाली म्हणजे घरातील वस्तूंना पाय फुटतात. पितळेच्या समया आणि लामणदिवे वजनावर मोडीत जात. कोरीव चौकटी लाकडाच्या भावाने विकल्या जात, नाहीतर सरळ बंबात जात. ज्या लाकडावर सुताराने महिनोन्‌महिने मोर, वेली आणि कमळे कोरली, त्यावर एका सकाळचे आंघोळीचे पाणी तापे, आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे! मोडवाल्याच्या तराजूत कारागिरीला वजन नसते.

त्या तराजूपुढे काकासाहेब उभे राहिले. जुने वाडे, जुने बाजार, खेडीपाडी ते पालथे घालू लागले. प्रथम महाराष्ट्र झाला, मग गुजरात, राजस्थान, कर्नाटक आणि त्याहीपुढे दक्षिणेकडे त्यांची भ्रमंती चालू राहिली. त्यांच्यापाशी राजाची तिजोरी नव्हती. दुकानातून येईल त्यातच संसार आणि त्यातच हा छंद. आलेली वस्तू ठेवायला वेगळी इमारत कोठून असणार? पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत त्यांचे राहते घर होते, तेथेच वस्तू येऊ लागल्या. ज्या घरात माणसांनी राहायचे तेथे एकेक खोली दिव्यांनी, अडकित्त्यांनी, मूर्तींनी, कोरीव दारांनी भरत गेली.

असल्या घरात संसार करणे म्हणजे काय, हे भगिनींना वेगळे सांगायला नको. आपण दिवाळीला चार पितळी डबे घासून ठेवतो, तेवढ्यात कंबर धरते. त्या घरात तर वर्षाचे बारा महिने नवी वस्तू म्हणजे जुनीच वस्तू येत होती आणि तीही धुळीने, काजळीने, हिरव्या गंजाने माखलेली. काकासाहेबांच्या पत्नी कमलाबाई यांनी हा संसार केला. त्यांनी पतीच्या छंदाला नुसती संमती दिली असे नाही, तर स्वतःच्या अंगावरचे दागिनेही या संग्रहासाठी मोडले. काकासाहेबांचे चरित्र सांगणारे सर्वजण ही गोष्ट कौतुकाने सांगतात, आणि ती कौतुकाची आहेच. पण आपण बायकांनी ती सांगताना जरा थांबावे. दागिना म्हणजे आपल्याकडे बाईची हौस तर खरीच, शिवाय अडीअडचणीचा आधार. स्त्रीधनावर तिचा एकटीचा हक्क. तो आधार उतरवून द्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात घरात यायचा कोणा अनोळखी घरचा काळवंडलेला दिवा! कमलाबाईंच्या मनात तेव्हा काय आले असेल, ते त्यांनाच ठाऊक. काकासाहेबांचे नाव संग्रहालयाच्या पाटीवर आहे. कमलाबाईंचे सोने त्या पाटीच्या आतील वस्तूंत मिसळून गेले आहे. संग्रहालय पाहताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

या दांपत्यावर आणखी एक घाला पडायचा होता. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच गेला. ज्या घरात वंशाच्या नावासाठी वस्तू जपतात, तेथे ज्याच्यासाठी जपायचे तोच गेला म्हणजे मागे काय उरते? पुष्कळ माणसे अशा वेळी हातातले काम टाकून देतात. काकासाहेबांनी ते टाकले नाही. त्यांनी सगळा संग्रह त्या मुलाच्या नावे केला. आज या संस्थेला ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणतात. पाटी वाचून अनेकांचा असा समज होतो, की दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक असावेत आणि हा त्यांचा खजिना असावा. खरी गोष्ट फार वेगळी आहे. हा राजा म्हणजे कोणी गादीवरचा राजा नव्हे, आईबापांच्या मांडीवरून उठून गेलेले एक पोर आहे.

आता त्या घरात काय आहे ते पाहू. तीन मजली वास्तूत दालनामागून दालने आहेत. दिव्यांचेच पाहा. उभ्या समया, साखळीला टांगलेले लामणदिवे, देवापुढची निरांजने. दिवा एकच, पण त्याची रूपे किती! कोठे हत्तीच्या पाठीवर ज्योत, कोठे दीपलक्ष्मी दोन्ही हातांत पणती धरून उभी. मग तांबूलाचा सरंजाम लागतो. पानदाने, चुनाळी, पिकदाण्या आणि अडकित्ते. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ एवढेच काय ते लागते. पण आपल्या कारागिरांनी त्या पात्यांचे पोपट केले, घोडे केले, नरनारी केल्या. पाय घासायच्या वज्रीसुद्धा साध्या नाहीत. टाचेच्या भेगांसाठी जी वस्तू, तिच्यावरही पक्षी बसलेले आहेत.

स्वयंपाकघरातील वस्तूंपुढे तर आपला पाय निघत नाही. शेवेचे सोरे, खवण्या, किसण्या, साचे, नाना घाटांची भांडी. यांतील एकही वस्तू राजवाड्याच्या शोभेसाठी घडलेली नाही. ती कामासाठी घडली आणि काम करता करता सुंदर झाली. दौती, कुलपे, गंजिफा, बाहुल्या, दागिन्यांच्या पेट्या, आरसे, फण्या, वस्त्रे, चित्रकथीची चित्रे आणि वाद्ये असा विस्तार आहे. कोरीव दारे आणि खिडक्या आहेत. शस्त्रेही आहेत, पण या घरात तलवारीला समईपेक्षा वरचा पाट मिळालेला नाही. कोथरूडला बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे उरलेले भाग आणून त्यांतून तो महालही येथे पुन्हा उभा केला आहे.

बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत. म्हणजे आपल्या पणजीच्या, खापरपणजीच्या काळच्या. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. पुढे ही संख्या २०,००० च्या वर गेली. त्यांपैकी जेमतेम अडीच हजार मांडता येतात. बाकीच्यांना जागा नाही. एका माणसाने, सरकारी आधार नसताना आणि चष्म्याच्या दुकानाच्या जोरावर जमवलेल्या वस्तू मांडायला तीन मजले अपुरे पडावेत, यावरून त्यांच्या कष्टांची कल्पना यावी.

एवढी संपत्ती हाती असता माणसाने काय केले असते? जुन्या वस्तूंना परदेशी गिऱ्हाईक मिळू लागले होते आणि त्यांच्या किमती वाढतच होत्या. चार दालने विकली असती तरी उतारवय सुखात गेले असते. काकासाहेबांनी १९६२ साली या संग्रहाला संग्रहालयाचे रूप दिले आणि १९७५ साली तो सारा महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंसाठी घरातील सोने गेले त्या वस्तू त्यांनी दान करून टाकल्या. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्मानाची पदवी दिली, भारत सरकारने १९८० साली पद्मश्री दिली. १९९० साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

काकासाहेबांचे चरित्र वाचून आपण त्यांना हात जोडले आणि पान उलटले, तर त्याचा उपयोग काय? त्यांच्या काळी वस्तू गरिबीने घराबाहेर जात होत्या. आपल्या काळी त्या सोयीसाठी जातात. वाडा पाडून इमारत उठते. नव्या सदनिकेत झोपाळ्याला कड्या नसतात, देव्हाऱ्याला कोनाडा नसतो आणि तांब्याचा हंडा ठेवायला न्हाणीघर नसते. मग हंडा मोडीत जातो आणि त्या पैशांत स्टीलची चार पातेली येतात. पंचगंगेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ साली आपल्याकडे काय काय नेले, ते नदीकाठच्या भगिनींना विचारावे. पुराने नेले त्याला इलाज नाही. पण आपल्या हातांनी देतो त्याचे काय?

प्रत्येकीने घराचे संग्रहालय करावे असे कोणी म्हणणार नाही. ते परवडणारे नाही, आणि कमलाबाईंएवढा त्याग कोणी कोणाकडून मागूही नये. परंतु घरातील एक तरी वस्तू निवडून ठेवणे कोणालाही जमेल. आजेसासूबाईंचा अडकित्ता असेल, पुरणाचे जुने पाटा-वरवंटा असतील, तांदूळ मोजायची पितळी मापे असतील. तिच्याजवळ एक कागद ठेवावा. ती कोणाची, कोणत्या गावची, कशासाठी वापरली जाई, हे त्यावर लिहावे. वस्तू राहते आणि तिची हकीकत सांगणारे माणूस जाते. मग ती मुकी होते, आणि मुक्या वस्तूला मोडीचा रस्ता जवळचा. पितळेला रोज चिंच आणि राख लावून लखलखीत करण्याचा मोहही आवरावा, कारण घासता घासता कोरलेली वेल पुसून जाते. लाकडी वस्तू ओल्या भिंतीला टेकवू नये. आपल्या पावसात वाळवीला तेवढे निमंत्रण पुरते.

चैत्रात आपण गौरीपुढे आरास मांडतो. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि फराळाचे जिन्नस यांच्या जोडीला यंदा प्रत्येकीने घरातील एक जुनी वस्तू त्या कागदासह मांडली तर? हळदीकुंकवाला आलेल्या सुना-मुली त्या वाचतील, हातात घेऊन पाहतील, ही कशी वापरत असत म्हणून विचारतील. ज्या आजीला एरवी कोणी काही विचारत नाही, तिला त्या दिवशी उत्तर द्यायला मिळेल.

लेक सासरी कितीही दूर असली तरी माहेरी तिचे नाव घेणारे कोणी असले म्हणजे तिला बळ असते. पुण्याच्या नातूबागेत काकासाहेब आणि कमलाबाई यांनी बेवारस झालेल्या हजारो वस्तूंना असे माहेर दिले. आपल्या घरातील वस्तूंना बेवारस होऊ न देणे हे आपल्या हाती आहे.