औंधच्या राजाचा नेम

नागपूरजवळच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्याला साठीच्या उंबरठ्यावर गोल्फचे वेड लागले. फटका मारताना कंबर भरून येते, तेव्हा व्यायामाचे यंत्र घेऊ का, असे त्याने विचारले. मला औंधचे राजे आठवले.

सातारा भागातील औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी युरोपातील नामांकित बलवान सँडो याच्या पद्धतीने, त्याची साधने वापरून कित्येक वर्षे मेहनत केली. पैशाला तोटा नव्हता. तरीही पुढे ती साधने बाजूला ठेवून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. संस्थानच्या शाळांतही त्यांनी नमस्कार सुरू केले. सत्तरीच्या घरात, १९३८ साली, त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. १९३९ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. १९५१ मध्ये, ८२ वर्षांचे असताना, ते गेले.

मी स्नेह्याला म्हटले, आधी कंबर डॉक्टरांना दाखव. मग नमस्कार घाल. पाठ, मांड्या, खांदे तयार होतील. ओढण्याची ताकद त्यांत फारशी येत नाही, तेवढा व्यायाम वेगळा कर.

यंत्र अजून आलेले नाही. पहाटे त्याच्या गच्चीवर सतरंजी मात्र दिसते.