गाठीतला दाह ओळखणारे फिरखो

रुडॉल्फ फिरखो यांचा जन्म १८२१ मध्ये प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात झाला. १८४८ मध्ये सरकारने त्यांना अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवले. साथीचे मूळ दारिद्र्यात आणि सरकारी अनास्थेत आहे, असा अहवाल देऊन हा तरुण डॉक्टर क्रांतीत उतरला आणि बर्लिनमधील नोकरीला मुकला. वुर्झबर्गमध्ये अध्यापन करून १८५६ मध्ये ते परतले.

१८६३ मध्ये कर्करोगाच्या गाठींत त्यांना रक्तातील पांढऱ्या पेशी आढळल्या. दीर्घकाळ दाह राहिलेल्या जागी कर्करोग उद्भवतो, असे त्यांनी मांडले. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी हा दाह साध्या रक्ततपासणीत शोधतात. सीआरपी वाढलेले, अल्ब्युमिन घटलेले किंवा लिम्फोसाइटच्या तुलनेत न्यूट्रोफिल बरेच जास्त असतील, तर गुंतागुंतीचा आणि रोग उलटण्याचा धोका अधिक मानतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही सीआरपी चढेच राहिले, तर आतड्याचा जोड गळत असल्याची शंका घेतात.

एकाच तपासणीवर विसंबण्याचा धोकाही फिरखोंच्या आयुष्यात दिसला. १८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रेडरिक यांच्या घशातून काढलेल्या तुकड्यांत त्यांना कर्करोग सापडला नाही. ठरलेली शस्त्रक्रिया टळली. पुढच्या वर्षी अवघे ९९ दिवस सम्राटपद भोगून फ्रेडरिक त्याच रोगाने गेले.

फिरखो १९०२ मध्ये निवर्तले. रक्तातील दाहाचा आकडाही रुग्णाची तब्येत, स्कॅन आणि बायोप्सी यांच्या जोडीनेच वाचायचा असतो.