ताराबाई मोडक : वस्तीच्या अंगणात शाळा नेणाऱ्या बाई

१९४५ च्या डिसेंबरमध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दादरचं शिशुविहार त्यांनी नावारूपाला आणलं होतं आणि बालशिक्षणातलं मोठं नाव म्हणून त्यांना मान होता. तरीही त्या डहाणू तालुक्यातल्या या समुद्रकाठच्या गावात आल्या. मुंबईत त्यांच्याकडे येणारी मुलं बहुतेक खात्यापित्या घरची होती. शाळेची खरी गरज असलेलं मूल शाळेबाहेरच राहतंय, हे त्यांना दिसत होतं.

त्यांचा जन्म १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले सुधारक, तर आई उमाबाई पुनर्विवाहित विधवा. त्या काळात अशा घराला ब्राह्मण समाज काय वागणूक देत असे, ते वेगळं सांगायला नको. ताराबाई १९१४ मध्ये बी.ए. झाल्या. अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचं लग्न झालं, पण ते टिकलं नाही. लहान मुलीला घेऊन एकट्या बाईने नोकरी करून जगणं आजही आपल्या वस्तीत सोपं नाही. ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. ती चांगली नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात या दोघांचा पुढाकार होता.

माँटेसोरी पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली, पण तिची महागडी साधनं गरिबाच्या मुलापर्यंत कधी पोचणार? बोर्डीला त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे त्या शिकून शिक्षिका झाल्या. ताराबाईंचं नाव घेताना अनुताईंचं राहून जातं, ते बरोबर नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हे काम अनुताईंनी ओढलं.

गावात बालवाडी उघडली, पण अस्पृश्यांच्या वस्तीतली मुलं तिथपर्यंत येईनात. गांधीवादी मंडळी त्या वस्तीला हरिजनवाडा म्हणत. ताराबाईंच्या कामावर गांधीजींचा प्रभाव होता आणि हा शब्द त्यांच्याही तोंडी होता. बाबासाहेबांनी तो नाकारला, आपणही नाकारतो. आमच्या मते हा मतभेद झाकूनही ठेवू नये आणि त्यापायी त्यांचं काम नाकारूही नये. मुलं का येत नव्हती, हे कळायला वस्तीत जन्मलेल्याला फार विचार करावा लागत नाही. आईबाप मजुरीला गेलेले, घरात अंगभर कपडा नाही, आणि गावातली शिवाशिव. ताराबाईंनी मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत तर शाळाच वस्तीत न्यायची, असं ठरवलं. कुणाच्या तरी घरापुढच्या अंगणात मुलं जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी-गोष्टी सांगायच्या, खेळवायचं. त्या अंगणातल्या बालवाडीचं नाव अंगणवाडी. पण ज्या बायांनी आपलं अंगण दिलं त्यांची नावं इतिहासात सापडत नाहीत. शिकवणारी लक्षात राहिली आणि जागा देणारी विसरली गेली, याची सल आम्हाला आहे.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं, आणि ताराबाईंची मोठी सूझ इथे दिसते. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. तिला कितीही समजावलं तरी त्या भावंडाचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. बहीण भावाला घेऊन येई, त्याला पाळणाघरात देई आणि स्वतः वर्गात बसे. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षकच कुरणात जात. त्याला कुरणशाळा म्हणत. आईची मजुरी, मुलीची शाळा आणि तान्ह्याची देखभाल ही एकच गाठ आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आम्ही घोडबंदर, चेणे, काशीमिरा या पट्ट्यात काम करतो. इथे गुरं नाहीत, टॉवर आहेत. आई सकाळी चार घरची धुणीभांडी करायला जाते आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी घरी धाकट्याला सांभाळते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. तीन वर्षांखालच्यांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, पण पाळणाघर बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे कोसबाडला जी गाठ सोडवली होती ती इथे पुन्हा बसली आहे. त्यात किशोरींसाठीची केंद्राची योजना आता मुख्यतः आकांक्षित जिल्हे आणि ईशान्य भारतापुरती उरली आहे. ठाणे जिल्हा त्यात बसत नाही. मुलगी आठवीत शाळा सोडते आणि तिच्या नावाची नोंद कुठल्याच रजिस्टरला राहत नाही.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिलं. आज देशभर हा शब्द चालतो. तो चालवणाऱ्या सेविका आणि मदतनीस मात्र अजून मानधनावरच आहेत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं, आणि महाराष्ट्रात २०२३ च्या डिसेंबरपासून त्यांना दीर्घ संप करावा लागला.

तरुण कार्यकर्त्यांनी एक निकाल पाठ करून ठेवावा. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या गावात किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांत ती द्यावी लागेल. नव्या अंगणवाडीची जागा ठरवताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य आहे. विहारात रविवारी वंदनेला जमलात की घरोघरच्या लहान मुलांची यादी करायला एक तास पुरतो. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आणि मूल दिवसा कोण सांभाळतं हा रकाना विसरू नका. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.