स्वयंसेवकांचा स्वयंसेवक : गाडगेबाबा

सार्वजनिक काम करणाऱ्याला पैशाची अडचण पडते हे खरे. पण त्याहून मोठी अडचण माणसांची असते. वर्गणी कशीबशी जमते, ठराव एकमताने मंजूर होतात, कार्यकारिणीत नाव यावे म्हणून चढाओढही लागते; आणि प्रत्यक्ष कामाच्या दिवशी सकाळी घमेले उचलायला चारच हात पुढे येतात. गणेशोत्सव मंडळापासून सार्वजनिक वाचनालयापर्यंत कोणत्याही संस्थेत थोडाफार वावरलेल्या माणसाला हा अनुभव आहे. ज्याला पगार द्यायचा नाही, ज्याच्यावर हुकूम चालत नाही आणि जो उद्यापासून येणार नाही म्हणाला तर आपण काहीही करू शकत नाही, अशा माणसाकडून काम करून घ्यायचे तरी कसे? राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका म्हणून गेली दोन वर्षे काम करताना हा प्रश्न माझ्या मनात सतत घोळत राहिला. व्यवस्थापनशास्त्राची एकदोन पुस्तकेही मी चाळून पाहिली. परंतु समाधानकारक उत्तर मिळाले ते कधी शाळेत न गेलेल्या एका माणसाच्या चरित्रात. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांना आपण सारेच लहानपणापासून ओळखतो. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा. हे चित्र आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की त्यामागे दडलेला असामान्य संघटक आपल्याला दिसेनासा झाला आहे. संत म्हणून त्यांना हात जोडले की आपले काम संपते. या लेखात मला त्या संघटकाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. मामाच्या घरी गुरे राखणे, नांगर धरणे, मोट हाकणे ही डेबूची शाळा. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि कर्ज म्हणजे काय, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला कागदावरचा अंगठा किती महाग पडतो, हे त्या तरुणाने डोळ्यांनी पाहिले. दारू, कर्ज आणि अज्ञान या तीन शत्रूंशी पुढे आयुष्यभर त्यांनी जे वैर धरले, ते असे घरातूनच आलेले होते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारूची पंगत व्हावयाची होती. डेबूजींनी ती साफ नाकारली आणि जमलेल्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, कुजबूज झाली. परंतु लोकांना सांगावयाची गोष्ट आधी स्वतःच्या ओसरीवर करून दाखवावयाची, ही त्यांची रीत तेव्हापासूनची आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते गावोगाव भटकले. कोणी वेडा समजून हुसकावले, कोणी चोर समजून मारले, कोणी भाकरी दिली. कोणत्या गावाला काय दुखते आणि तिथली माणसे कोणत्या शब्दाने हलतात, हे त्यांना या भटकंतीतच कळले असले पाहिजे. आज आपण ज्याला गावाची पाहणी म्हणतो आणि जी एका दुपारी छापील तक्ते भरून उरकतो, ती त्यांनी बारा वर्षे पायी केली.

त्यांच्या कामाची पद्धत पाहावयाची तर पूर्णा नदीच्या काठच्या ऋणमोचनकडे पाहावे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. नदीची दरड अवघड. चिखलातून चढउतार करताना म्हातारीकोतारी घसरून पडत. शेकडो वर्षे लोक पडत होते आणि देवाचे नाव घेऊन उठत होते. बाबांनी सभा बोलावली नाही, अर्ज केला नाही. ते स्वतः दगडमाती वाहू लागले. एक माणूस खपतो आहे हे पाहून दुसरा आला, दुसऱ्याला पाहून दहा आले. १९०८ च्या सुमारास तेथे घाट झाला. यातली मेख अशी की, लोकांकडे श्रम मागण्यापूर्वी बाबांनी आपला वाटा आधीच टाकलेला असे. आपण नेमके उलटे करतो. प्रथम आवाहन करतो, मग प्रतिसाद मोजतो, आणि प्रतिसाद आला नाही तर लोकांना नावे ठेवतो.

हीच रीत त्यांनी पुढे हजारो गावांत चालविली. गावात शिरले की कोणाला न विचारता खराटा सुरू. गल्ल्या झाडायच्या, गटारे साफ करावयाची. पोरे भोवती जमत, हसत. दिवस मावळेपर्यंत गावाचे रूप पालटलेले असे आणि मग रात्री कीर्तन. आता या माणसाला बोलण्याचा अधिकार नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होणार? त्यातही ते कीर्तन म्हणजे एकट्याचे प्रवचन नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांनीच मोठ्याने द्यावयाचे. कर्ज काढून तीर्थयात्रा करावी काय? देवाला बकरे मारावे काय? शिवाशीव पाळावी काय? मुलांना शाळेत घालावे की नाही? वऱ्हाडी बोलीतल्या त्या सवालजबाबात हशा पिके, मध्येच गोपाळाचा गजर होई, आणि हसता हसता हजारो माणसे आपल्याच तोंडाने आपल्याच खोडीचा निकाल देत. निर्णय वरून लादलेला नसे, म्हणून तो परका वाटत नसे. स्वयंसेवकाला काम सांगण्यापेक्षा त्याच्याकडूनच ते काम काढून घेण्याची ही हातोटी मला फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे, बाबांच्या कामात निरुपयोगी असा माणूसच नव्हता. श्रीमंताने पैसा द्यावा, शेतकऱ्याने धान्य द्यावे, ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याने अंगमेहनत द्यावी. यात्रेच्या ठिकाणी अंध, अपंग व कुष्ठरोगी यांच्या अन्नदानाच्या प्रचंड पंगती होत. त्यांना पाणी आणणारा, लाकडे फोडणारा, पत्रावळी उचलणारा असे सगळेच लागत. देणगी देणारा वरच्या पायरीवर आणि उष्टे काढणारा खालच्या, असा भेद तिथे करणार कोण? उष्टे काढणाऱ्यांत स्वतः बाबाच असत! पंढरपूरला लक्षावधी वारकरी विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लावीत, तेव्हा हा माणूस चंद्रभागेच्या वाळवंटात खराटा घेऊन उभा असे. सर्वांत हलके समजले जाणारे काम पुढाऱ्यानेच उचलल्यावर बाकीच्यांना कोणत्याच कामाची लाज उरत नाही.

लोकांच्या या श्रमातून व पैशातून ज्या वास्तू उभ्या राहिल्या, त्यांकडे पाहिले म्हणजे मती गुंग होते. पंढरपूरला अस्पृश्य यात्रेकरूंना टेकावयास जागा नव्हती. त्यांच्यासाठी १९१७ साली चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले गेले. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण व विद्यालय झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या खेड्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना पदपथावर रात्र काढावी लागे. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. हे सारे ज्याने उभारले तो मात्र त्यातल्या एकाही वास्तूत मालक म्हणून राहिला नाही. फुटक्या खापरात भाकरी मागून खाणे त्याने सोडले नाही.

संस्था मोडतात त्या बहुधा दोन कारणांनी, हिशेबावरून आणि खुर्चीवरून. या दोन्ही बाबतींत बाबा विलक्षण कठोर होते. धर्मशाळांचा कारभार त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविला आणि आपल्या वारसांचा त्यांवर हक्क राहणार नाही अशी दक्षता घेतली. कुंताबाईंच्या आणि मुलांच्या वाट्याला त्यामुळे कष्टच आले. त्या माउलीच्या त्यागाची नोंद आपण फारच थोडी घेतो, हेही येथे म्हटले पाहिजे. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. मला या प्रसंगाचे कौतुक करावे की त्याने व्याकूळ व्हावे हे आजही ठरविता येत नाही. पण ज्या लोकांकडून ते त्याग मागत होते, त्यांना हा माणूस आपल्याहून कमी देत नाही याची खात्री पटलेली होती, एवढे निश्चित.

खुर्चीचा मोह नसल्याची साक्ष १९४९ साली मिळाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अनेक वर्षे खपून, दारोदार हिंडून उभारलेली वास्तू, ती ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला जास्त उपयोगी पडेल असे दिसताच, देऊन टाकली! आपल्याकडे साध्या मंडळाच्या कपाटाची किल्लीसुद्धा नव्या चिटणिसाच्या हाती देताना जुन्याचा जीव वरखाली होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही बाबांचा असाच जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही त्याचे नाव महाविद्यालयाला, आणि पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही लागले, हा योग मोठा बोलका आहे.

येथे मला आमच्या शिबिराविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका खेड्यात शोषखड्डे खणत होतो. गावकरी पारावर बसून आमच्याकडे कुतूहलाने पाहत होते. एका वृद्ध आजोबांनी मला अगदी मनापासून विचारले की, पोरी, या खणण्याचे तुम्हांला परीक्षेत किती गुण मिळतात? त्यांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. आमच्या येण्यामागे काहीतरी मोबदला असणारच, असे ते गृहीत धरून चालले होते, आणि प्रमाणपत्र व वाढीव गुण यांची तरतूद आहे हे खोटे थोडेच होते? मग गावकऱ्यांनी खड्डा आमच्यासाठी सोडून दिला तर दोष कोणाचा? ते काम आमचे होते, त्यांचे झालेच नव्हते. बाबांच्या गावात खराटा बाबांनी उचलला तरी संध्याकाळपर्यंत काम गावाचे झालेले असे. फरक आहे तो येथे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

तथापि एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे सारे एका माणसाच्या तेजावर चालले होते, त्याची पाठ फिरताच गावे पुन्हा मूळ पदावर आली नसतील काय? पुष्कळ ठिकाणी आली असणार. ही मर्यादा खुद्द बाबांच्या ध्यानात आली असावी असे मला वाटते. आपल्याला गुरू नाही आणि शिष्यही नाही असे मानणाऱ्या या पुरुषाने पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यांना आयुष्यभर दूर ठेवले, मठ व गादी निर्माण होऊ दिली नाही. पण कामाला मात्र संस्थेचे रूप दिले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. या मिशनच्या आश्रमशाळा व वसतिगृहे त्यांच्या मागेही चालू राहिली. व्यक्तीची पूजा टाळावयाची आणि कामाची सोय लावून ठेवावयाची, ही दुहेरी दृष्टी भल्याभल्या पुढाऱ्यांना साधलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावेच्या गावे श्रमदानाला उतरली. त्यात बक्षिसांची स्पर्धा होती. बक्षिसाने गाव जागे होते हे मान्य. बक्षीस संपल्यावर ते जागे राहते का, हा प्रश्न मात्र प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा असा आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी ते अवश्य ऐकावे. सुमारे पावणेदोन महिन्यांपूर्वी धम्मदीक्षेचा सोहळा घडवून आणलेल्या बाबासाहेबांचे ६ डिसेंबरला निधन झाले, आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर प्रवासातच गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेल्या माणसाला मरणही रस्त्यावरच आले.

या चरित्रातून आपण विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? चिंध्या पांघराव्यात किंवा घर सोडावे, असे मी सुचवीत नाही. ते आपल्याला झेपणारे नाही. परंतु तीनचार साध्या गोष्टी खात्रीने झेपतील. पुढच्या शिबिराचे गाव ठरले की कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी दोनचार वेळा तिथे जाऊन नुसते हिंडावे. गावाला कोणते काम हवे ते गावाच्या तोंडून निघू द्यावे. सर्वांत घाण काम गटप्रमुखाने घ्यावे. जमाखर्चाचा कागद कोणी मागण्यापूर्वी देवळाच्या भिंतीवर लावावा. आणि निरोपाच्या दिवशी सत्कारासाठी न थांबता, फावडे आणि घमेली कोणाच्या हाती सोपवून निघतो आहोत, याची खात्री करून घ्यावी. एवढे केले तर पुढच्या वर्षी पारावरचे आजोबा आपल्या गुणांची चौकशी करण्याऐवजी नातवाला फावडे घेऊन पाठवतील, अशी मला आशा आहे.