दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी
परमुलखात धर्माला छप्पर देणारे समाजधुरीण

उदरनिर्वाहासाठी गाव सोडणाऱ्या माणसाबरोबर त्याचा धर्म येतो, परंतु गावातील जिनमंदिर, गाळलेल्या पाण्याचे घर, सूर्यास्तापूर्वी शिजणारे अन्न आणि स्वाध्यायाला बसणारी मंडळी त्याच्याबरोबर येत नाहीत. नव्या शहरात हे सर्व नव्याने उभे करावे लागते. ते उभे राहिले नाही तर आचार एका पिढीत शिथिल होतो आणि दुसऱ्या पिढीत विसरला जातो. मुंबई नगरीत आलेल्या दिगंबर जैन समाजावरील हे संकट ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

शेठजींचे घराणे वीसा हुमड ज्ञातीचे, मूळचे मेवाडातील भींडर गावचे. आजोबा गुमानजी तेथून सुरतेस येऊन स्थायिक झाले. सुरतेतच १८५१ साली, धनत्रयोदशीच्या शुभदिनी, हिराचंदजींच्या पोटी माणिकचंदजींचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच होती. मोतीचंद, पानाचंद, माणिकचंद आणि नवलचंद या चार भावांना लहान वयातच कामाला लागावे लागले. कापसाच्या तेजीने मुंबई गजबजली होती, त्या १८६० च्या दशकात हे कुटुंब मुंबईस आले. मोती पोवण्याच्या साध्या कामापासून आरंभ करून, सचोटी आणि पारखी नजर यांच्या बळावर भावांनी ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी नावारूपास आणली. या पेढीचे मोती पुढे युरोपच्या बाजारापर्यंत पोहोचले.

दोन पिढ्यांत दोन स्थलांतरे पाहिलेल्या या घराण्याला परमुलखातील माणसाची अडचण सांगावी लागत नव्हती. लक्ष्मी प्रसन्न झाल्यावर चौपाटीवरील आपल्या निवासस्थानी शेठजींनी चैत्यालय ठेवले. तथापि त्यांची दृष्टी स्वतःच्या घरापाशी थांबली नाही. मुंबईत शिक्षणासाठी येणाऱ्या जैन मुलांचा प्रश्न त्यांना अधिक तातडीचा वाटला. खाणावळीत रात्रिभोजनाचा त्याग पाळणे कठीण, कंदमुळे टाळणे त्याहून कठीण, आणि रोजचे देवदर्शन तर दुर्मीळच. परिणामी आईवडिलांपुढे दोनच वाटा उरत. मुलाला शिकवावे तर आचार सुटण्याची भीती, आणि आचार राखावा तर शिक्षणाला मुकणे.

शेठजींचे स्वतःचे शालेय शिक्षण अल्प होते. म्हणूनच की काय, या दोहोंतून एकाची निवड करण्याची पाळी पुढील पिढीवर येऊ नये, असा त्यांनी निर्धार केला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनी पित्याच्या स्मरणार्थ शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. आधुनिक विद्या महाविद्यालयात घ्यावी आणि आहार, देवदर्शन व धर्मशिक्षण वसतिगृहात मिळावे, अशी ही योजना होती. मंदिर बांधणाऱ्या दात्यांची आपल्या समाजात कधीच उणीव नव्हती. विद्यार्थ्यांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची व्यवस्था हेदेखील धर्मकार्यच होय, हे समाजाला पटवून देणे मात्र कठीण होते. ते काम शेठजींनी उपदेशापेक्षा कृतीने केले.

हीच योजना त्यांनी इतरत्रही नेली. अहमदाबाद व कोल्हापूर येथील दिगंबर जैन बोर्डिंगांना त्यांच्या औदार्याचा आधार लाभला. कोल्हापूरच्या वसतिगृहाशी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे विचारवंत निगडित होते. पुढे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत याच वसतिगृहात राहिले. गुजरातीभाषक दात्याचे दान मराठीभाषक शेतकरी जैनांच्या मुलांपर्यंत पोहोचले, ही घटना आपल्या प्रांतातील समाजाने कायम स्मरणात ठेवावी अशी आहे.

प्रवासी आणि यात्रेकरूंसाठी मुंबईत सी. पी. टँक परिसरात हिराबाग धर्मशाळा १९०५ साली उभी राहिली. त्याच वर्षी काशी येथील स्याद्वाद महाविद्यालयाचे उद्घाटन शेठजींच्या हस्ते झाले. तत्पूर्वी १९०२ मध्ये भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीची स्थापना झाली होती. देशभर विखुरलेल्या तीर्थांची देखभाल, हिशेब आणि हक्कांचे रक्षण यांचा भार शेठजींनी तिचे महामंत्री या नात्याने वाहिला. पुढे हिराबाग हेच तिचे कार्यस्थान झाले.

शेठजींच्या श्रद्धेची खरी कसोटी मात्र घरातच लागली. त्यांची कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवेचे जीवन घराच्या कोपऱ्यात संपायचे. शेठजींनी दुःख गिळून कन्येच्या हाती ग्रंथ दिले, तिच्या अध्ययनाची व्यवस्था केली आणि लोकनिंदेची पर्वा न करता तिला समाजकार्यात पुढे आणले. मगनबाईंनी ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई यांच्या सहकार्याने श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. निराधार भगिनींना तेथे आश्रयाबरोबर विद्या आणि स्वावलंबन मिळाले. पित्याचा शोक अशा रीतीने शेकडो घरांचा आधार ठरला.

१९१४ साली शेठजींचा देह पंचत्वात विलीन झाला. त्यांच्या स्मरणार्थ १९१५ मध्ये माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. पंडित नाथूराम प्रेमी यांच्या परिश्रमाने अनेक दुर्मीळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ तिच्याद्वारे अल्प मूल्यात अभ्यासकांच्या हाती आले.

दान देऊन दाता मोकळा होतो, परंतु संस्था तेवढ्याने उभी राहत नाही. तिला नियम लागतात, चोख हिशेब लागतो आणि आपल्यानंतर कार्य सांभाळणारी माणसे घडवावी लागतात. शेठजींनी दानाबरोबर वेळ दिला, स्वतः प्रवास केला, पत्रव्यवहार केला आणि कमिट्यांची कंटाळवाणी कामेही निष्ठेने पार पाडली. मोती पोवताना दोरा दिसत नाही, पण हार त्याच्याच आधाराने टिकतो. विखुरलेल्या समाजाला एकत्र ओवणारा असा दोरा होण्यात शेठजींनी आयुष्य वेचले. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त, कार्यकर्ते आणि देणगीदार या सर्वांनी त्यांच्या जीवनातून घ्यावयाचा बोध हाच होय.

दानवीर शेठ माणिकचंदजी यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!