बायॉस हे नाव कुठून आलं? गॅरी किल्डॉल यांची गोष्ट

घरातला जुना डेस्कटॉप सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबलं की एक साधासा स्क्रीन येतो. रॅम किती आहे, कुठल्या स्पीडला चालतेय, प्रोसेसरचा क्लॉक किती, हे सगळं तिथे दिसतं आणि थोडंफार बदलताही येतं. आपण याला सरसकट बायॉस म्हणतो. हा शब्द आणणारे गॅरी किल्डॉल मात्र बऱ्याच जणांना माहीतच नाहीत.

गॅरी यांचा जन्म 19 मे 1942 चा, अमेरिकेतल्या सिअॅटलचा. घरची जहाजविद्या शिकवणारी शाळा होती. 1972 मधे त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समधे पीएचडी केली. कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या नौदलाच्या संस्थेत ते शिकवायचे. त्याच काळात इंटेलच्या 4004 या चिपने त्यांना वेड लावलं. पुढे त्यांनी इंटेलसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंग भाषा लिहिली.

1974 मधे त्यांनी सीपी/एम तयार केली. इंटेल 8080 प्रोसेसर आणि फ्लॉपी ड्राइव्ह असलेल्या छोट्या मशीनची ही ऑपरेटिंग सिस्टिम. पत्नी डोरोथी यांच्यासोबत त्यांनी कंपनीही काढली, नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. (नाव भारी होतं, पण पुढे नुसतं डिजिटल रिसर्च राहिलं.)

आता खरी अडचण आली. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं. कुणाची फ्लॉपी वेगळी, कुणाचा टर्मिनल वेगळा. प्रत्येकासाठी अख्खी सिस्टिम पुन्हा तपासत बसायचं का? इमसाय कंपनीच्या मशीनचं काम आलं तेव्हा गॅरी यांनी हार्डवेअरशी थेट बोलणारा कोड बाजूला काढून एका छोट्या भागात ठेवला. तोच बायॉस. मशीन बदललं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा, बाकी सीपी/एम आहे तशीच. एकच अँड्रॉइड इतक्या वेगवेगळ्या फोनवर चालतं, त्यामागेही याच जातीचा विचार आहे.

मेमरीची सेटिंग तर तेव्हा हाताने करावी लागायची. 8080 ला जास्तीत जास्त 64 केबी मेमरी वापरता यायची. तुमच्या फोनमधे 8 जीबी रॅम असेल तर ती याच्या सव्वा लाख पटींहूनही जास्त भरते! त्या 64 मधलीही सगळी एकदम परवडायची नाही, लोक कार्ड घेऊन हळूहळू वाढवायचे. सीपी/एम मेमरीच्या वरच्या टोकाला बसायची आणि तुमचा प्रोग्रॅम खालून सुरू व्हायचा. त्यामुळे नवीन कार्ड लावलं तरी सिस्टिम जुन्याच जागी राहायची आणि वरची मेमरी फुकट जायची. मग मूव्हसीपीएम ही कमांड द्यायची, किती केबी ते सांगायचं. ती नव्या जागेसाठी सिस्टिमची प्रत बनवायची. ती सिसजेनने फ्लॉपीवर चढवायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. आकडा असलेल्या मेमरीपेक्षा जास्त सांगितला तर मशीन सुरूच व्हायचं नाही, कारण सिस्टिम अशा जागी जाऊन बसायची जिथे मेमरीच नाही.

1980 मधे आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या ऑफिसात आले. गॅरी सकाळीच स्वतःचं विमान घेऊन एका ग्राहकाकडे गेले होते. कराराचं बोलणं एरवीही डोरोथीच बघायच्या. आयबीएमचा गुप्ततेचा करार फारच एकतर्फी होता, त्यांनी सही केली नाही. शेवटी व्यवहार काही जमला नाही. मग आयबीएमला सिस्टिम दिली मायक्रोसॉफ्टने, आणि तीही सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली 86-डॉस विकत घेऊन. गॅरी मौजेखातर विमान उडवत बसले आणि संधी घालवली, अशी कहाणी वर्षानुवर्षं फिरतेय. मला ती अन्यायाचीच वाटते. ते कामाला गेले होते. गॅरी यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-86 सुद्धा विकायला ठेवली, पण 240 डॉलरला. शेजारी पीसी-डॉस 40 डॉलरला. कोण काय घेणार, सांगायलाच नको.

बायॉसची कल्पना मात्र आयबीएम पीसीत आली, चिपमधे बसून. 1981 च्या त्या पीसीत रॅम किती आहे हे मदरबोर्डवरचे बारीक स्विच खालीवर करून सांगावं लागायचं. 1984 च्या एटी मॉडेलपासून ही माहिती बॅटरीवर जपली जाऊ लागली, आणि स्क्रीनवरचा सेटअप आला. म्हणूनच जुन्या पीसीतला नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सेटिंग मूळपदावर येतात. सेल बदला, मग सेटअपमधे जाऊन तारीख आणि रॅमचा आकडा एकदा बघून घ्या.

गॅरी त्यानंतरही थांबले नाहीत. अमेरिकेत कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचे ते सहसूत्रधार होते. सीडीवरचा पहिल्या काही विश्वकोशांपैकी एक त्यांच्याच कंपनीने 1985 मधे काढला. 1991 मधे डिजिटल रिसर्च नॉव्हेलने घेतली. जुलै 1994 मधे माँटेरेत डोक्याला मार लागून 11 तारखेला ते गेले, वय अवघं 52. वीस वर्षांनी, 2014 मधे, पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या ऑफिसबाहेर स्मृतिफलक बसवला गेला. आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींचा पहिला भाग 2016 मधे मुलांच्या परवानगीने सगळ्यांसाठी खुला झाला.